डोंगरमाथ्यावरच्या वाडीची विहीर आणि सहाशे फुटांचं बोअर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगरमाथ्यावर एक वाडी. सत्तर उंबरे, चारशेच्या आसपास माणसं, दीडशे मोठी जनावरं. पावसाळ्यात गावची विहीर काठाला लागते, संक्रांतीपर्यंत बरी चालते आणि फेब्रुवारी संपता संपता तळ दिसतो. शिमग्यापासून टँकरची वाट बघायची. डोंगराखालच्या गावाला मात्र मे महिन्यातही पाणी असतं. आता माथ्यावर सहाशे फूट बोअर घ्यायचा ठराव व्हायचाय. पाणाड्यानं हातावर नारळ धरून जागाही दाखवलीय. विचारणाऱ्या भावाचं शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "पाऊस आमच्या डोक्यावर पडतो आन् पाणी खालच्याला, हे कामून? बोअर घ्यावं का न्हाई, एवढंच सांगा."

एवढंच सांगायचं तर, आत्ता घेऊ नका. पण नुसतं "नको" म्हणून ग्रामसभा ऐकत नसते. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

मी गेली सव्वीस वर्षं भूजलाचं काम करतोय, त्यातली बहुतेक बालाघाटात. पाटोदा, केज, धारूर, वडवणी, खाली भूम-वाशीपर्यंत. तुमची वाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी जर-तरच्या राहणार. विहीर नेमकी कोणत्या थरात उतरली आहे, माथा किती रुंद आहे, वरची जमीन गायरान आहे, वनखात्याची आहे की खाजगी, आणि विहिरीच्या अवतीभवती कोणाकोणाच्या मोटारी चालतात, या चार गोष्टींवर उत्तर बदलू शकतं. पण माथ्यावरच्या गावांची दुखणी एकमेकांसारखी असतात. तुमच्या प्रश्नातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी आधी दुसऱ्या कुठल्यातरी वाडीत ऐकलेलं आहे.

आधी "कामून" बघू.

बालाघाट हा शब्दच घ्या. फारसीत बाला म्हणजे वरचा. घाट चढून आलं की बालाघाट, खाली गोदेच्या काठाला गंगथडी. सोयरीक जुळवताना आमच्याकडची जुनी माणसं अजून विचारतात, पोरगं गंगथडीचं का घाटावरचं? घाटावर पोरगी दिली की तिच्या डोक्यावर हंडा आला, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आणि पाटोद्याचं पठार म्हणजे तर या सगळ्या मुलखाचं आढं. मांजरा तुमच्या तालुक्यात उगम पावते आणि पूर्वेला निघून, सातशेवर किलोमीटर चालून गोदावरीत जाते. सिंदफणा त्याच डोंगरातून निघते, ती उत्तरेला वळून माजलगावच्या पुढे गोदावरीलाच मिळते. सौताड्याला उडी मारणारी विंचरणा मात्र जामखेडकडून दक्षिणेला उतरते, सीनेत जाते, तिथून भीमा, तिथून कृष्णा. म्हणजे तुमच्या शिवारात वाऱ्याची झुळूक इकडची तिकडे झाली तर पावसाचा थेंब गोदावरीऐवजी कृष्णेला जायचा. आढ्यावर पाऊस पहिल्यांदा पडतो, पण पागोळ्या खाली गळतात. तुमच्या वरच्या अंगाला दुसरं शिवारच नाही, म्हणून तुमच्याकडे वाहून येणारं पाणीही नाही. जे पडेल तेच तुमचं.

ही झाली वरची गोष्ट. खरी भानगड आहे पोटात.

आपला सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेला. टोपल्यात भाकरींची चवड असते ना, तसा. पण प्रत्येक भाकरी सारखी नाही. थराचा वरचा भाग भोकाभोकांचा असतो, भोकांत पांढरी-हिरवट गारगोटी बसलेली. विहीर खांदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्या खालचा भाग घट्ट, निळसर काळा पाषाण. यारीवाला तिथं पोचला की सुरुंगाचे दर वाढवतो. आणि दोन थरांच्या मधे बऱ्याचदा गेरूसारखा तांबडा पट्टा असतो, कुठं वीतभर, कुठं पुरुषभर. पाणी मुरमात राहतं, मांजऱ्यात राहतं, पाषाणाला भेगा असल्या तर त्यांच्यातून सरकतं. अखंड पाषाणात राहत नाही, आणि तांबड्या पट्ट्याशी आलं की बहुतेक वेळा अडतं. खाली जाता येईना म्हणून ते आडवं चालायला लागतं. चालत चालत डोंगराच्या कडेला येतं, जिथं दरीनं ती चवड उभी कापलेली आहे. तिथून बाहेर.

हे पटत नसेल तर आपली देवस्थानं आठवा. कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी धार पडते. सौताड्याचा रामेश्वर दरीत उतरून गेल्यावर भेटतो. येडशीचा रामलिंग घाटाच्या खोबणीत बसलेला. तुळजापूरला आईच्या देवळाला पायऱ्या खाली उतरून जावं लागतं आणि आत गोमुखातून पाणी येतं. डोंगरावरचा देव म्हणायचं, आणि जायचं मात्र उतरून. पठाराच्या कडेला जिथं थरातून पाणी पाझरतं, तिथं माणूस आधी पाण्यासाठी थांबला असणार आणि देव मागून आला असणार, असं आपलं माझं मत. भक्तांनी रागावू नये. पण नव्या गावात गेलो की मी पहिल्यांदा विचारतो, तुमचा महादेव कुठंय? दहातल्या सहा-सात वेळा झरा तिथंच असतो.

तर तुमच्या विहिरीत पावसाळ्यात जे पाणी दिसतं ते वरच्या एक-दोन भाकरींत साठलेलं. दिवाळीपासून ते कडेकडेनं गळत राहतं. तुम्ही उपसा करा किंवा करू नका, गळती चालूच. खालच्या गावाला मिळतं त्यात तुमचा वाटा आहेच. शिवाय त्यांच्याकडे वरून वाहून आलेली माती जाड आहे, मुरूम खोल आहे आणि चारी बाजूंचा ओघ त्यांच्याकडे आहे. तुमचं भांडं ताटासारखं पसरट आहे, त्यांचं घागरीसारखं.

आता हिशोब, कारण माथ्यावरच्या लोकांना वाटतं की आपल्याकडे पाणीच कमी. पिण्याच्या पाण्याच्या सरकारी योजना माणशी ५५ लिटर धरतात. चारशे माणसांना रोज २२ हजार लिटर. मोठ्या जनावराला ५० लिटर धरा, दीडशे जनावरांना साडेसात हजार. रोज ३० हजार लिटर म्हणू. फेब्रुवारी ते मे, १२० दिवस, म्हणजे ३६ लाख लिटर. आता पाऊस. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की १० हजार लिटर पाणी होतं. आपल्याकडं साधारण बऱ्या वर्षी ६०० मिलिमीटर धरा, म्हणजे एका हेक्टरवर ६० लाख लिटर. तुमच्या अख्ख्या वाडीचा आणि गुरांचा चार महिन्यांचा खर्च दीड एकरावरच्या पावसात निघतो! सगळा पाऊस मुरत नाही हे खरं. आपल्या खडकात दहा टक्क्यांच्या आसपास मुरतो, जागेप्रमाणं कमी-जास्त. तसं धरलं तरी पंधरा एकरांत मुरलेलं पाणी तुम्हाला पुरतं. तुमचा माथा पंधरा एकरांचा नक्कीच नाही, काही शे एकरांचा असणार. तेव्हा पाणी पडतंय, पुरेसं मुरतंय, आणि फेब्रुवारीपर्यंत निघून जातंय. इलाज या निघून जाण्यावर करायचाय.

म्हणून बोअरचं सांगतो.

माथ्यावर बोअर घेतलं की काय होतं? वरचे वीस-तीस फूट केसिंग, म्हणजे भोकाच्या आतून पाइप, टाकतात, मुरूम ढासळू नये म्हणून. खाली उघडं भोक. ते भोक मांजऱ्यातून, पाषाणातून, तांबड्या पट्ट्यातून आरपार खाली जातं. ज्या पट्ट्यानं तुमचं पाणी वर धरून ठेवलं होतं त्यालाच तुम्ही सहा इंचांचं छिद्र पाडलं. वरचं पाणी त्यातून खालच्या थरात उतरतं आणि कडेनं दरीत जातं. माठ गळतोय म्हणून त्याच्या बुडाला आणखी एक भोक पाडण्यातला हा प्रकार. केजकडच्या एका गावात मी हे डोळ्यानं पाहिलंय. पहिल्या वर्षी बोअरला दोन इंची पाणी, गावभर गुलाल. ते बघून पुढच्या दोन वर्षांत आणखी अकरा बोअर. चौथ्या वर्षी पहिलं बोअर फुस्स, आणि जी जुनी विहीर मार्चपर्यंत टिकायची ती नाताळातच कोरडी. बोअरला जे लागलं होतं ते खोल भेगांत कैक वर्षं साठलेलं पाणी होतं. एकदा संपलं की ते भरायला तितकीच वर्षं लागतात.

माथ्यावर बोअरला कधीच पाणी लागत नाही, असं म्हणणार नाही. खोल भेग सापडली तर लागतं, टिकतंही. पण ती सापडणं नशिबाचं. आणि सहाशे फूट म्हणजे १८० मीटरच्या वर. २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्यानं ६० मीटरच्या पुढच्या विहिरीला खोल विहीर म्हटलं आहे. पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी धरली तरी, तुम्ही त्याच्या तिप्पट खाली चाललात हे ग्रामसभेत सांगा. पाणाड्याबद्दल काही बोलत नाही. त्यांच्यातल्या जुन्या माणसांना झाडं आणि दगड वाचता येतात, नारळ हा नुसता दिखावा असतो. पण गाडी पाठवली की जो येतो आणि बोअरच्या फुटामागं ज्याचं कमिशन असतं, तो सहाशेच्या आत कधी थांबत नाही.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती तुम्हीही करायच्या बेतात असाल. नोकरीच्या सुरुवातीला अशाच एका वाडीत मी नालाबांधाची जागा दाखवली. ओढा छान, काठ मजबूत, बांधाला खर्च कमी. पाणीही भरपूर साठलं. गावकरी खूश, मीही खूश. फेब्रुवारीत विहीर नेहमीसारखी आटली. मार्चमध्ये खालच्या गावचे सरपंच चार माणसं घेऊन ऑफिसात आले. टॉवेल, टोपी, नारळ. म्हणाले, साहेब, तुमच्यामुळं आमच्या विहिरीला औंदा पाच फूट पाणी वाढलं. मी टोपी घालून बसलो होतो आणि मला घाम फुटला होता. बांध घातला होता तो ज्या थरावर, तो थर वाडीच्या विहिरीच्या तळाच्याही खाली होता. पाणी मुरलं, पण विहिरीच्या खालून. तेव्हापासून माझा नियम असा: विहिरीच्या तळाची उंची आधी काढायची, आणि मुरवायचं काम तिच्या वरच्या अंगालाच करायचं. तुमच्याकडे १९७२ च्या दुष्काळातला किंवा नंतरच्या रोजगार हमीतला पाझर तलाव असेल तर तो कुठं आहे ते तपासा. बहुतेक गावांत तो खाली ओढ्यात असतो आणि त्याचं पुण्य खालच्या गावाला जातं.

मग करायचं काय?

चैत्रात, सगळं वाळून गेलेलं असताना, डोंगराची कड चाला. सकाळी सहाला निघा, सोबत एखादी म्हातारी बाई आणि एखादा गुराखी घ्या. सरपंच नको, त्याला माहीत नसतं. कडेच्या खाली उतारावर जिथं उंबर, जांभूळ, करंज हिरवेगार दिसतील, शिंदीची झुडपं असतील, लव्हाळा असेल, तिथं थांबा. माकडांची वाट कुठं जाते ते बघा, मधमाश्या कुठं उतरतात ते बघा. दगड हाताला गार लागला, वर मांजऱ्या आणि खाली तांबडा पट्टा दिसला, म्हणजे तुमच्या विहिरीतून निघालेलं पाणी तुम्हाला सापडलं.

अशा जागी तुमच्याच गावच्या बाया पहाटे उतरत असणार. धारूरच्या खालच्या एका दऱ्यात मी एकदा पहाटे चारला गेलो होतो. कपारीत परातीएवढा झिरा. एक बाई स्टीलच्या वाटीनं पाणी काढून कळशीत ओतत होती, फडक्यातून गाळून. वाटी भरायची, थांबायचं, पाणी पुन्हा निवळून वर यायचं, मग पुढची वाटी. तिच्या मागं सात कळश्या रांगेत. मी म्हणालो, मावशी, दिवसा का येत नाही? ती म्हणाली, "दिसा पोरी येत्यात, रातच्याला म्या. रातीचं पानी वाया कामून जाऊ द्यायचं?"

माझ्या सगळ्या शिक्षणात मला एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. झरा चोवीस तास वाहतो, माणूस चार तास भरतो. उरलेलं वीस तासांचं पाणी खाली जातं. म्हणून झऱ्याची धार मोजा. पंधरा लिटरची बादली लावा, मोबाईलवर सेकंद मोजा. मिनिटाला एक बादली भरत असेल तर दिवसाला २१,६०० लिटर होतात. चारशे माणसांना लागतात २२ हजार. बघताना ती धार करंगळीएवढी दिसते, कुणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही, आणि अख्खं गाव तिच्यावर जगू शकतं. निम्मीच धार असली तरी निम्मा टँकर वाचला.

काम असं करायचं. झऱ्याचं तोंड उकरून पाणी खडकातून जिथून निघतं तिथपर्यंत हळूहळू मागं जायचं. सब्बल आणि हातानं, सुरुंग अजिबात नाही. सुरुंगानं भेग सरकली की झरा दुसरीकडं तोंड काढतो, मग रडत बसा. तोंडाशी धुतलेले दगड रचायचे, पुढं भिंत, वर झाकण, तळाशी नळी. माती आणि गुरांचं शेण आत जाता कामा नये. नळीचं पाणी खाली बंद टाकीत, निदान एका रात्रीचं मावेल एवढी, वीस-पंचवीस हजार लिटर. तिथून वर चढवायला सौरपंप. तुम्ही झऱ्याची खोली लिहिलेली नाही, पण दीडशे फूट जरी धरली तरी दिवसाला वीस हजार लिटर चढवायला दोन-तीन एचपीचा पंप पुरतो. तिथं विजेचे खांब न्यायच्या नादी लागू नका, वनखात्याच्या परवानगीत दोन वर्षं जातात. टाकीला आणि नळीलाही ती परवानगी लागू शकते. जागा कोणाची ते सातबाऱ्यावर आधी बघा.

एक बारीक गोष्ट, जी कुठल्याच अंदाजपत्रकात नसते. काळी प्लास्टिकची नळी उतारावर उघडी टाकू नका. उन्हाळ्यात गवताला वणवा लागतो आणि अर्ध्या तासात दोनशे मीटर नळी वितळून जाते. आमच्या एका योजनेचं पहिलं वर्ष असंच गेलं. उद्घाटन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, वणवा तिसऱ्या. नळी फूटभर गाडा, खडक लागला तर तेवढा तुकडा लोखंडी टाका. आणि झऱ्याचं पाणी देवाचं म्हणून निर्मळच, असं धरू नका. तपासून घ्या, टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाका.

आता वरचं काम. विहिरीच्या आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला जो माळ आहे, त्यावर समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले. नेहमीचा चर ६० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल, नळीनं पातळी काढून. जिथं मुरूम आहे तिथंच. उघड्या पाषाणावर चर खोदणं म्हणजे फरशीवर रेघा ओढणं, हजेरीपट भरतो, पाणी मुरत नाही. ज्या लवणात पावसाळ्यात आठ-आठ दिवस पाणी तुंबून असतं आणि तुम्ही त्याला निकामी जमीन म्हणता, ती जागा सगळ्यात मोलाची. ती बुजवू नका, तिथं घरकुलं बांधू नका. चराच्या मातीवर सीताफळ लावा. आपल्या डोंगरात ते आपसूक येतं, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी मागत नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय, थोडी मेहनत घेतली तर चार पैसे येतात.

विहिरीचं म्हणाल तर गाळ काढा, तोही वेळेवर. पण तळ फोडून खोल करायच्या आधी दगड ओळखणाऱ्या माणसाला दाखवा. तळाशी तांबडा पट्टा दिसत असेल तर तिथंच थांबा. त्याच्याऐवजी मांजऱ्याच्या थरात, तळापासून हातभर वर, आडवी बोअरं मारून घेता येतात, पन्नास-साठ फुटांची दोन-तीन. तीही पाण्याच्या येत्या बाजूला, दरीच्या बाजूला नाही. दरीच्या बाजूला मारलेलं आडवं बोअर म्हणजे विहिरीला काढलेली मोरी.

आणि आता जरा नाजूक विषय. तुमच्या प्रश्नात एक ओळ आहे, "विहिरीच्या आसपास रब्बीचा थोडा कांदा असतो." थोडा म्हणजे किती? एक एकर कांद्याला पूर्ण हंगामात १६ ते २० लाख लिटर पाणी जातं. म्हणजे दोन एकर कांदा आणि अख्ख्या वाडीचा चार महिन्यांचा खर्च, जनावरांसकट, हिशोब तोच. मी कांदेवाल्याला दोष देत नाही. ऊस तोडायला न जाता गावातच राहायचं त्यानं ठरवलंय आणि त्याचं पोट त्या दोन एकरांवर आहे. पण एकाच ताटात दोघांनी जेवायचं तर आधी बोलून घ्यावं लागतं. काही गावांत आम्ही असं ठरवलं होतं की विहिरीचं पाणी अमुक पायरीच्या खाली गेलं की शेतीच्या मोटारी बंद. पायरीला ऑइलपेंटनं तांबडी रेघ मारली. ज्या गावानं ही रेघ नोव्हेंबरात, पाणी भरपूर असताना ठरवली, तिथं ती पाळली गेली. मार्चमध्ये ठरवायला बसलेल्या गावात फक्त भांडणं झाली.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट, बाहेरून येणाऱ्या इंजिनिअरांना जी कळत नाही. तुमच्या वाडीतले निम्मे लोक दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जात असतील. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च गावात माणसं निम्मी, जनावरंही कमी. पाडव्याच्या मागंपुढं सगळे एकदम परततात, बैलं घेऊन, आणि लग्नसराईही तेव्हाच. विहीर सगळ्यात रिकामी असते त्या पंधरवड्यात गावाची गरज दुप्पट होते. जानेवारीत येऊन कुणी सर्व्हे केला आणि "पाणी पुरेसं आहे" असं लिहून गेला, तर त्यानं अर्धं गाव मोजलेलंच नाही. चारशे हा तुमचा आकडा सगळे घरी असतानाचा आहे की मतदार यादीतला, तेही कळवा. आणि चराचं काम काढायचं तर एप्रिल-मेमध्येच, हात तेव्हाच गावात असतात.

म्हणजे क्रम असा: आधी झरा शोधून मोजणं, मग रात्रीचं पाणी धरणं, सोबत माथ्यावर चर आणि पायरीची रेघ. एवढं करून दोन उन्हाळे बघा. त्यानंतरही कमीच पडलं, तर बोअरचा विचार करू, तोही माथ्यावर नाही. खालच्या अंगाला, भेगेची जागा यंत्रानं तपासून, आणि वरच्या थरांपर्यंत पूर्ण केसिंग टाकून, म्हणजे वरचं पाणी खाली उतरणार नाही. केसिंगचा खर्च वाचवायला ठेकेदार आग्रह करेल. तिथं ढिले पडू नका.

ग्रामसभेत बोअरवाल्यांचा जोर असेल, तर सरळ विरोध करू नका, हरता. एवढंच म्हणा की ठराव एक महिना पुढं ढकलू, तोवर धार मोजू. मोजायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे त्याला कुणाची हरकत नसते.

मला पुढचं नेमकं सांगता यावं म्हणून चार गोष्टी पाठवा. विहिरीची काठापासून तळापर्यंत खोली, आणि आज पाणी किती हात आहे ते. सुताला दगड बांधून मोजलं तरी चालेल, पण दर अमावास्येला त्याच दगडानं मोजा आणि वहीत लिहा. भूजल सर्वेक्षणवाले त्यांच्या ठरलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदाच मोजतात, आणि तुमची त्यात असेलच असं नाही. दुसरं, कडेवरच्या प्रत्येक झऱ्याला बादली भरायला लागलेले सेकंद, सकाळी आणि दुपारी वेगवेगळे. तिसरं, विहिरीच्या पाव कोसातल्या मोटारींची संख्या, आपल्या भाऊबंदांच्या धरून. चौथं, विहिरीच्या आतल्या भिंतीचा फोटो, वरून खालपर्यंत, दुपारी बाराच्या उन्हात काढलेला. तांबडा पट्टा दिसला तर तिथला एक जवळून घ्या, आणि त्यात काडेपेटी धरा, म्हणजे पट्टा वीतभर आहे का पुरुषभर ते मला कळेल.